उन्हाआड झाकलेला झेंडू

आमच्या सासूबाई आयुष्यात एकदाही चुकलेल्या नाहीत. हे मी नाही म्हणत, त्या स्वतःच म्हणतात. आमटी खारट झाली तर हल्लीचं मीठच जास्त खारट येतं. बस चुकली तर मेली वेळेआधी गेली. त्यांचा गुडघाही डॉक्टरने झीज सांगितली त्या दिवसापासूनच दुखायला लागला, त्याआधी ठणठणीत होता. अशा बाईच्या घरात मी सून म्हणून आले, आणि आले तीही बायोकेमिस्ट्री शिकून. देवाला करमणूक हवी असणार, दुसरं काय.

त्यांचं नाव चतुराबाई, मी त्यांना आई म्हणते. मखमलाबादच्या शिवारात आमचा मळा आहे. मेथी, कोथिंबीर, कोबी हे सगळं नाना बघतात. नाना म्हणजे माझे सासरे पुंजा, घरातला सर्वांत गरीब प्राणी. माझा नवरा अमोल अंबडला कंपनीत शिफ्टने जातो आणि सुट्टीच्या दिवशी शेतकरी होतो. मी गंगापूर रोडला एका क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. झेंडूचं वावर मात्र आईंचं. त्यात पाय ठेवायचा तर चप्पल काढून ठेवायची, असा त्यांचा कायदा आहे.

आणि त्यांची जागाही त्यांचीच. गंगापूर रोडच्या एका चौकात फोटो स्टुडिओची पायरी होती. नवीन लग्न झालेल्या आई डोक्यावर पाटी घेऊन, नदी, म्हणजे आमची गंगा, ओलांडून चालत त्या पायरीशी येऊन बसल्या, त्या अजून तिथेच आहेत. स्टुडिओचं झेरॉक्सचं दुकान झालं, मग मोबाइलचं झालं. समोरचे बंगले पाडून इमारती आल्या. अतिक्रमणवाल्यांच्या गाडीने त्यांच्या पाट्या किती वेळा उचलून नेल्या असतील देव जाणे, पण दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला तिथे चतुराबाई नाहीत असं कधी झालं नाही. फुटपाथला सातबारा नसतो. जो बसतो त्याची जागा, आणि एक सण चुकला की पुढच्या सणाला तिथे दुसऱ्याचं पोतं अंथरलेलं. शेजारी बसणाऱ्या नवसाबाईचा पोरगा आता हाताशी आला होता आणि त्याला बसवायला ती जागाच शोधत होती. तिचं पोतं दर सणाला वीतभर आईंच्या बाजूला सरकलेलं असायचं.

तरी बसायला काय, मार्केटमधून चार क्रेट आणूनही बसता येतं. नवसाबाई तेच करते. पण आई दुसऱ्याच्या वावरातलं फूल पाटीत घेत नाहीत. "ती फुलं इकीत नाय, हमाली करती," हे त्यांचं नवसाबाईबद्दलचं मत, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "घरचीच ना मावशी?" असं विचारत गिऱ्हाइकं येतात आणि आई उत्तरसुद्धा देत नाहीत, नुसतं बघतात.

आता पंपाची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथून बिघडलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात फवारणीचा एकच पंप होता. त्यानेच बांधावर तणनाशक मारायचं, दोनदा पाण्याने खळबळायचा, आणि त्यानेच भाजीला खत द्यायचं. दुसरा पंप घ्या म्हणून मी डोकं खाल्लं, तेव्हा आईंनी मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "का घ्यायचा ते सांग."

मी सांगितलं. सांगणं हाच माझा धंदा.

"बघा आई, पान म्हणजे पाण्याच्या बारीक बारीक पिशव्या. पेशी म्हणतात त्यांना. प्रत्येक पिशवीला पातळ पापुद्रा असतो, आणि तो असतो चरबीचा."

"पानात कुठली चरबी? मेथीला काय तूप सुटतं व्हय?"

"तुपासारखी गोठणारी नाही, तेलासारखी पातळ. म्हणून तर पापुद्रा लवचीक राहतो. पण तेलासारखी आहे म्हणून तेलासारखी खवटही होते. शेंगदाण्याचा कूट जुना झाला की कसा होतो?"

"माझा कूट खवट होत नाय."

वर्गात मी याच चरबीला असंपृक्त म्हणते. तिच्या साखळीत दुहेरी बंध असतात, आणि त्या बंधांशेजारचा हायड्रोजन सैल बसलेला असतो, कोणीही हिसकावून न्यावा असा. हिसकावणारे म्हणजे मुक्त मूलक, पोरं ज्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो आणि जोडी मिळेपर्यंत त्यांना चैन नसते. हे तणनाशक पानात शिरलं की ऊन पडताच ऑक्सिजनपासून असे मूलक ढिगाने तयार करतं. एक मूलक चरबीतून हायड्रोजन ओढून घेतो. आता ती चरबीच मूलक होते, तिला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, आणि ती शेजारच्या चरबीतून ओढून घेते. ती पुढच्या. आईंना मी सांगितलं, पंगतीत एकाची जिलबी पळवली की तो शेजाऱ्याची उचलतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याची. मधे कोणीतरी आपली देऊन गप्प बसला तरच ते थांबतं. पानात असं गप्प बसणारं ई जीवनसत्त्व असतं, पण या औषधापुढे ते पुरं पडत नाही. पापुद्र्याला भोकं पडतात, पिशव्या गळतात, आणि पान उकळत्या पाण्यातून काढल्यासारखं लोळतं.

"आणि गंमत म्हणजे हे उन्हामुळे होतं," मी म्हणाले. "संध्याकाळी मारलं तर सकाळपर्यंत पान हिरवंगार. ऊन चढलं की खेळ सुरू."

"उन्हामुळं," आई म्हणाल्या. एवढं बोलणं झालं आणि त्यांनी त्यातला तेवढाच शब्द उचलून ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण दुसरा पंप आला या आनंदात मी होते. दोन्ही पंप एकाच दुकानातले, एकाच रंगाचे. तणनाशकाच्या पंपाच्या मुठीला मी लाल चिंधी बांधली. घट्ट, दोन गाठी मारून.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. त्या दिवशी विळे, खुरपी, कुदळी, कोयता, मोटारीचा पाना, सगळं घासूनपुसून ओट्यावर मांडतात. हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. हे घासणं फक्त आई करतात. सुनेने घासलेल्या खुरप्यावर त्यांचा विश्वास नाही आणि नानांनी घासलेल्यावर कोणाचाच नाही. यंदा पंपही पूजेला बसले. मी क्लासवरून आले तेव्हा दोन्ही पंप नव्यासारखे चकाकत होते, दोघांना कुंकवाची सारखी बोटं ओढलेली, दोघांच्या गळ्यात सारखीच माळ. मी हात जोडले आणि आत गेले. मळकी चिंधी देवापुढे कशी ठेवायची, म्हणून ती निघाली होती, आणि ते माझ्याही लक्षात आलं नाही.

आता एका पंपात अमोलने बांधावर मारून उरलेलं तणनाशक तसंच ठेवलेलं. बाहेरून चकाचक आणि आत विष.

दसरा पार पडला. दिवाळीच्या झेंडूला वाटाण्याएवढ्या कळ्या धरल्या. नानांनी एका संध्याकाळी त्याला टवटवी यावी म्हणून खताची फवारणी केली. ऊन उतरल्यावर फवारावं हे त्यांना पक्कं माहीत. त्यांनी चिंधी नसलेला पंप घेतला. चिंधी कुठल्याच पंपाला नव्हती.

सकाळी मी मेथी खुडायला गेले तर पंप विहिरीपाशी ठेवलेला. त्याचा तो मळमळता वास मी ओळखते. टोपण काढलं तर तळाला निळसर-हिरवं पाणी. मी वळून झेंडूकडे बघितलं. सगळा हिरवागार, पानांवर दव, कळ्या ताठ. सूर्य अजून आंब्याच्या मागे होता. मला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडणार?

मी घरी जाऊन सांगितलं आणि मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. अमोल नानांवर उखडला, "वास नाय आला तुम्हाला?" नाना म्हणाले, "मला तपकिरीमुळं वास येत नाय हे घरात सगळ्यास्नी ठावं हाय. तू औषध पंपात का ठिवलंस?" अमोल माझ्याकडे वळला, "चिंधी कशाला बांधायची? रंग मारायचा होता." मी म्हणाले, "मी निदान चिंधी तरी बांधली, तुम्ही दोघांनी काय केलं?" एकाने दुसऱ्यावर ढकलायचं, दुसऱ्याने तिसऱ्यावर. चिंधी कोणी काढली हे विचारायला मात्र कोणाची जीभ उचलेना. खंडेनवमीला अवजारांना कोणाचा हात लागतो हे तिघांनाही माहीत होतं.

एरवी अशा भांडणात आईंचा आवाज गंगेच्या पलीकडे जातो. त्या दिवशी त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "ऊन लागलं की जळनार ना?"

"हो, पण..."

"मंग ऊन लागू द्यायचं नाय."

"आई, तसं नाही ते. औषध आत गेलंय. झाकलं तर थांबणार नाही, उलट अंधारात ते हळूहळू पानातून पुढे सरकतं, शेंड्यात, कळीत. मग कधीतरी झाकण काढावंच लागेल ना? तेव्हा जास्त जळेल. त्यापेक्षा आहे तसं राहू द्या. वरची पानं जातील. खालचे फुटवे कदाचित वाचतील."

"तूच म्हनलीस उन्हानं जळतं."

"हो, पण मी..."

"म्हनलीस का नाय?"

काय सांगणार? म्हणाले होते. एक वाक्य खरं आणि त्यावरून काढलेलं दुसरं खोटं, हे पोरांना समजावताना माझा घसा बसतो. इथे तर ऊन आंब्याच्या शेंड्यावर आलं होतं. आईंनी ट्रंक उघडली आणि साड्या काढल्या. लुगडी, नऊवारी, लग्नाकार्यात आलेल्या, कधी न नेसलेल्या. नाना मागून बांबू घेऊन धावले. मघाशी शिव्या खाल्लेल्या माणसाला काहीतरी करायला मिळालं होतं. अमोलने शिफ्ट बुडवली आणि द्राक्षवाल्यांकडून जुनी शेडनेट आणली. घडीभरात वावरावर रंगीबेरंगी मांडव पडला. रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून विचारायला लागले, लग्न कुणाचं?

मी शेवटचा प्रयत्न केला. "निदान एक सरी उघडी ठेवा. बघू तरी काय होतं."

"माझी सरी जाळून तुला परीक्षा घ्यायची का?" आई म्हणाल्या.

मी चपला घातल्या आणि क्लासला गेले. त्या दिवशी नेमकं पेशीपटलच शिकवायचं होतं. मी फळ्यावर साखळी काढली, दुहेरी बंध काढला, हायड्रोजनला गोल केला. पोरं भराभर लिहून घेत होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, एकदा साखळी सुरू झाली की थांबवता येतच नाही का?" मी तिला नीट उत्तर दिलं. सगळ्या वर्गाला कळलं. ज्यांच्या वावराला त्याची गरज होती ते घरी साड्यांची टोकं बांधत होते, आणि मी इथे शाबासकी देत होते. इतकी चिडचिड मला कधी झाली नव्हती. शिकून उपयोग काय, असं म्हणणाऱ्या लोकांचा मला राग येतो, आणि त्या दिवशी मी स्वतः तेच म्हणत रिक्षात बसले.

पहिले काही दिवस आईच जिंकल्या. साडी उचलून बघावं तर झाडं हिरवी. थोडी मरगळलेली, पण हिरवी. "बघ," एवढंच म्हणायच्या. पण मांडवाखाली उजेड अगदीच नव्हता असं नाही. कडेच्या पानांवर पाणी भरल्यासारखे डाग दिसायला लागले होते. मी ते दाखवले तर त्या म्हणाल्या दवाचे आहेत. दुपारी बारा वाजता दव!

शेवटी सावलीत झाडं पिवळी पडून लांबट वाढायला लागली, तेव्हा नानाच हळूच म्हणाले, "आता काढू या का? सावलीत फूल कसं धरंल?" आईंनी हो म्हणून मान हलवली. सकाळी साड्या काढल्या. दुपारी जेवून मी वावरात गेले तर आई सरीच्या तोंडाशी अनवाणी उभ्या होत्या. सगळी पानं लोळलेली, शेंडे मान टाकून. दुसऱ्या दिवशी सगळं तपकिरी झालं, आणि कळ्या हातात घेतल्या की चुरा व्हायच्या. खालून फुटवा येईल या आशेने मी देठ कापून बघितले. हिरवं काही सापडलं नाही. उघडं ठेवलं असतं तर वाचलं असतं का? कदाचित. कदाचित नसतंही. हे आता मला कधीच कळणार नाही, आणि याचाच मला सगळ्यांत जास्त राग आहे.

गावात बातमी एका वाक्यात फिरली, पुंजाने बायकोच्या झेंडूला तणनाशक मारलं. पारावर लोक त्यांना हसायचे. "नाना, आमच्याकडं बी काँग्रेस गवत लय झालंय, याल का?" नाना पारावर जायचे बंद झाले. घरात ते सरळ कोणाकडे बघेनात. अमोल त्यांना टाकून बोलायचा. आई ऐकायच्या आणि भाकरी थापत राहायच्या. मी वाट बघत होते. आज बोलतील, उद्या बोलतील. एकदा मी मुद्दाम म्हणाले, "नानांचा एकट्याचा काही दोष नाही." आई म्हणाल्या, "तवा तापलाय, पीठ दे." माझा त्यांच्यावरचा उरलासुरला जीव त्या दिवशी उडाला, असं मला वाटलं.

लक्ष्मीपूजन जवळ आलं तसा अमोल म्हणाला, "आई, मी मार्केटमधून चार क्रेट आणतो. यंदापुरतं. जागा तरी राहील."

"नको."

"मग जागा गेली समज. नवसाबाई पोराला बसवनार."

"नको म्हनलं ना."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आई अंघोळ करून, ठेवणीतलं नेसून तयार. हातात पोतं आणि रिकामी पाटी. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, "कुठं म्हंजे? बसाया." नाना गाडी काढायला गेले. या दोघांनाच कसं सोडायचं म्हणून मीही मागे बसले.

चौकात फुलांचे डोंगर लागले होते. नवसाबाईच्या पोराने क्रेट अर्ध्या जागेवर मांडलेच होते. आईंनी एक क्रेट पायाने सरकवला, पोतं अंथरलं, पुढ्यात रिकामी पाटी ठेवली आणि बसल्या. लोक बघायला लागले. मी जवळच्या खांबाशी उभी होते आणि माझे कान तापले होते. गिऱ्हाइकं यायची, पाटीत वाकून बघायची. "संपली का मावशी इतक्यात?" आई म्हणायच्या, "यंदा नाय. तिच्याकडून घ्या, चांगली हायेत." नवसाबाईकडे बोट! मी पहिल्यांदाच त्यांना नवसाबाईच्या फुलांना चांगलं म्हणताना ऐकलं. खुद्द नवसाबाईचा हात वजनकाट्यावर थांबला.

मग एक वयस्क बाई आल्या, समोरच्या इमारती व्हायच्या आधीपासूनचं गिऱ्हाइक. त्या खालीच बसल्या. "काय झालं हो? कीड पडली का?"

आई बोलायच्या आतच नवसाबाई म्हणाली, "कीड कसली! नवऱ्यानं चुकीचं औषध मारलं की तिच्या. सगळं वावर जाळलं."

नाना गाडी लावून आले होते आणि दोन पावलांवर उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"त्यानं नाय," आई म्हणाल्या. आवाज तोच, गंगेच्या पलीकडे जाणारा. अर्ध्या चौकाने वळून बघितलं. "पंपाची चिंधी मी काढली. आन मंग पोरगी नको म्हनत व्हती तरी झाकून ठिवलं, ते बी मीच. माझ्या हातानं गेलं वावर. त्याचा काय संबंध?"

इतकी वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होते. ऐकल्यावर काय बोलायचं तेही मनात ठरवून ठेवलेलं होतं. आणि आता मला आधी रागच आला. हे त्या सकाळी दारात उभ्या असताना बोलल्या असत्या तर ट्रंक उघडलीच नसती, चूक आणि झेंडू दोन्ही झाकायची ती घाई झालीच नसती. मग मी त्यांच्याकडे बघितलं. त्या रस्त्याकडे बघत ताठ बसल्या होत्या आणि रिकाम्या पाटीचा काठ त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मला ते बघवेना.

नाना पुढे आले. पोत्याची दुमडलेली बाजू त्यांनी उलगडली आणि आईंच्या शेजारी मांडी घालून बसले. फुलं विकायला ते आयुष्यात कधी बसले नव्हते. पूजेची वेळ होऊन रस्ता रिकामा होईपर्यंत दोघं त्या पाटीमागून हलली नाहीत, आणि कोणी वाकून भाव विचारला की आता नानाच सांगत होते, "यंदा नाय आमच्याकडं."